नवी सिस्टिम घेण्याआधी सोफा हलवून पाहा! घरच्या स्टिरिओवर गाण्याचे शब्द दबतात कशामुळे?

स्पीकर नावाजलेल्या कंपनीचे, अ‍ॅम्प्लिफायर दणदणीत, दुकानात ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. घरी आणून लावल्यावर मात्र डग्ग्याचा नुसता घुमारा आणि गायिकेचे शब्द कुठेतरी मागे. आवाज वाढवला की शब्दांसोबत घुमाराही वाढतो. मग ट्रेबल वाढवला जातो, त्याने ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतात. शेवटी निष्कर्ष निघतो की सिस्टिमच बदलायला हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर होते, वीस-पंचवीस हजार जातात आणि महिन्याभरात तक्रार पुन्हा तीच.

याचं कारण बहुतेक वेळा खोक्यात नसतं. दुकानातून घरी सिस्टिम येते, दुकानाची खोली येत नाही. स्पीकरमधून निघालेला आवाज कानापर्यंत पोहोचेपर्यंत हॉलच्या भिंती, फरशी, काचा आणि शोकेस त्यात आपापली भर घालतात. दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचे स्वर तर स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ठरवते. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी एक रविवार सकाळ खर्च करणं फायद्याचं. लागणारं साहित्य : मोजपट्टी, एक आरसा, पेन्सिल सेल आणि घरातला आणखी एक माणूस.

एक फूट इकडे-तिकडे झालं तर काय बिघडतं?

स्टिरिओ म्हणजे ‘दोन स्पीकरमुळे दुप्पट आवाज’ असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात स्टिरिओ हा मेंदूला दिलेला एक गोड चकवा आहे. ब्रिटनच्या ईएमआय कंपनीतले अभियंता अ‍ॅलन ब्लुमलिन यांनी डिसेंबर 1931 मध्ये या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी की, डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखाच आवाज एकाच वेळी कानांवर आला, तर मेंदूला तो दोघांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही अशा जागेवरून आल्यासारखा वाटतो. गायकाला आपण ‘समोर’ ऐकतो ते याच चकव्यामुळे.

यातला ‘एकाच वेळी’ हा भाग नाजूक आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे एक फूट कापायला त्याला साधारण 0.9 मिलिसेकंद लागतात. आणि दोन स्पीकरच्या आवाजात जेमतेम एक मिलिसेकंदाचा फरक पडला, तरी मेंदू गायकाला उचलून सरळ जवळच्या स्पीकरमध्ये नेऊन बसवतो. आधी पोहोचणाऱ्या आवाजाला मेंदू झुकतं माप देतो, हे जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी 1949 मधल्या आपल्या प्रबंधात तपशिलात मांडलं होतं.

आता आपल्याकडचा नेहमीचा हॉल आठवा. एक स्पीकर टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये, दुसरा बाल्कनीच्या दाराजवळ स्टुलावर किंवा थेट फ्रीजवर. ऐकणारा सोफ्याच्या डाव्या टोकाला, कारण पंखा तिथे लागतो. एका स्पीकरपासून पाच फूट, दुसऱ्यापासून आठ. इथे बॅलन्सचं बटण फिरवून उपयोग मर्यादितच. ते आवाजाची पातळी बदलतं, वेळ बदलत नाही.

आधी तपासा, दोष नक्की कुठे आहे?

तपासणीचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे जुनं गाणं. 78 आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातलं कुठलंही भावगीत किंवा नाट्यपद घ्या. ती ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना हुबेहूब तोच आवाज जाणार. फक्त नंतर कृत्रिमरीत्या स्टिरिओ केलेली किंवा नवा ठेका चढवलेली आवृत्ती नको. दोन्ही स्पीकरपासून मोजून समान अंतरावर बसायचं, डोळे मिटायचे. आवाज नेमका मध्यातून, एका ठिपक्यातून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो एका बाजूला कलत असेल किंवा खोलीभर पसरून कुठूनच येत नाही असं वाटत असेल, तर गडबड आहे.

कलत असेल तर पहिला संशय फोनवर घ्यायचा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते. घरातल्या लहान मुलाच्या बोटाने ती सरकली, तर महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. तिथेच मोनो ऑडिओचं बटणही असतं. ते चालू राहिलं तर लाखाची सिस्टिमही मोनोच वाजणार. फोनमधला इक्वलायझर, बेस बूस्ट, सराउंड असे सगळे परिणामही तपासणीपुरते बंद करावेत.

फोन ठीक असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे येणाऱ्या डाव्या-उजव्या पिना आपसांत बदलून पाहायच्या. दोष दुसऱ्या बाजूला गेला, तर तो फोन, केबल किंवा आधीच्या कुठल्या तरी उपकरणात आहे. होता तिथेच राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर किंवा खोली. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी आपसांत बदलायच्या. आता दोष बाजू बदलतो का, ते ऐकायचं. बाजू बदलली तर अ‍ॅम्प्लिफायर, नाहीतर स्पीकर किंवा खोली. दुरुस्तीच्या दुकानात तंत्रज्ञ पहिल्या पाच मिनिटांत हेच करतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बॅलन्स किंवा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल आणि एक बाजू मध्येच जात असेल, तर आतल्या फिरत्या भागात धूळ बसलेली असते. प्लग काढलेला ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला की बऱ्याचदा भागतं. अ‍ॅम्प्लिफायर उघडावा लागणार असेल, तर ते काम कारागिराकडेच द्यावं. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

आवाज पसरल्यासारखा, पोकळ येतो आणि बेस गायब आहे? मग एका स्पीकरच्या मागची लाल-काळी वायर उलटी लागली असण्याची शक्यता दाट. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. इथे पेन्सिल सेल कामी येतो. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून, सेलचं अधिक टोक लाल वायरीला आणि उणे टोक काळ्या वायरीला क्षणभर टेकवायचं. ‘टक’ असा आवाज येऊन मोठा पडदा पुढे आला पाहिजे. दोन्ही स्पीकरमध्ये तो एकाच दिशेने हलला की झालं. ज्यांच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्या स्पीकरवर हा प्रयोग करू नये.

पडदा हलताना त्याच्या कडेची गोल पट्टीही पाहून घ्यावी. जुन्या स्पीकरमध्ये ती फोमची असेल, तर दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. कोकण-मुंबईची दमट हवा तर त्याला आमंत्रणच. फाटलेल्या पट्टीचा स्पीकर भकाभका वाजतो आणि लोक अ‍ॅम्प्लिफायर बदलतात. पट्टी नवी बसवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. स्पीकर चांगला असेल तर तो खर्च नव्या जोडीपेक्षा बराच कमी असतो.

डग्गा घुमतो तो खोलीमुळे

इथे थोडं गणित अटळ आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक स्वर अडकून घुमतात. कोणता स्वर, ते काढायला 343 ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचं, लांबी मीटरमध्ये. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर, तिथे उत्तर येतं सुमारे 47 हर्ट्झ. दहा फुटांच्या रुंदीला 56. नऊ फुटांच्या छताला 62 ते 63. शिवाय यांच्या दुपटी : 94, 112, 125. म्हणजे 10 बाय 12 च्या हॉलमध्ये एवढे स्वर विनाकारण फुगणार. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज येतो साधारण 139 हर्ट्झला आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 च्या आसपास. डग्ग्याची मींडही याच भागात वरखाली फिरते. म्हणून तोच डग्गा एका स्वरावर गडगडतो आणि जरा वर सरकला की गायबच होतो. तबलजीचा यात काही दोष नाही. खोली चौकोनी, दहा बाय दहा असेल तर लांबी-रुंदीचे दोन्ही फुगवटे एकाच स्वरावर येतात, ती सर्वांत त्रासाची.

हे फुगवटे भिंतीलगत सर्वाधिक असतात आणि खोलीच्या ऐन मध्यावर पहिल्या स्वरांची पोकळी असते. आता सोफा कुठे असतो? भिंतीला चिकटून. म्हणजे खोलीतला सर्वाधिक घुमारा जिथे गोळा होतो, नेमकं तिथे आपलं डोकं. सोफा भिंतीपासून दीड फूट जरी पुढे घेतला, तरी फरक कानाला कळतो. डोक्यामागच्या भिंतीवरून येणारा ताजा प्रतिध्वनीही त्याने मागे पडतो. जागा नसेल तर गाणं ऐकण्यापुरती एक खुर्ची पुढे ओढून पाहावी. बारा फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून चार-साडेचार फुटांवर बसणं बऱ्याचदा चांगलं ठरतं. हा काही नियम नव्हे. सुरुवात तिथून करायची आणि सहा-सहा इंच पुढेमागे सरकत कानाने ठरवायचं.

स्पीकरची जागा

सोफ्याला लागू तेच स्पीकरला. भिंतीजवळ नेला की खालचे स्वर वाढतात, कोपऱ्यात कोंबला की आणखी वाढतात. शोकेसच्या खणात बसवलेला स्पीकर तर माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाजतो. त्याला बाहेर काढा, निदान खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा. मागच्या बाजूला भोक असलेल्या स्पीकरला मागे थोडी मोकळी जागा लागतेच.

मात्र ‘जितका लांब तितका चांगला’ हेही खरं नाही. मागच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाज एका ठरावीक स्वराला पुसून टाकतो. स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर असेल तर सुमारे 143 हर्ट्झचा स्वर, 90 सेंटिमीटरवर असेल तर 95 च्या आसपासचा. पहिला आकडा पुरुष गायकाच्या षड्जाला जवळजवळ भिडतो. आवाज अचानक पोकळ वाटला तर स्पीकर चार-सहा इंच हलवून पाहणं हाच त्यावर इलाज. डाव्या आणि उजव्या बाजूचं भिंतीपासूनचं अंतर शक्यतो सारखं ठेवावं. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा बोळ असेल, तर भिंतीकडची बाजू थोडी जड वाजणारच. बॅलन्सचं बटण अशा किरकोळ फरकासाठी असतं.

दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, हे जुनं सूत्र आजही टिकून आहे. स्पीकरमध्ये सहा फूट, तर आपणही दोघांपासून सहा फूट. स्पीकर किंचित आतल्या बाजूला, ऐकणाऱ्याकडे वळवले की शब्द अधिक ठळक होतात. छोटा स्पीकर म्हणजे ट्वीटर, तो कानाच्या उंचीवर हवा. वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास असतो, गादी-तक्क्याच्या बैठकीत अडीच फुटांच्या आसपास. बैठकीवर बसून ऐकायचं आणि स्पीकर मात्र कपाटावर, अशा घरात शब्द न कळणं स्वाभाविक आहे. जागेअभावी स्पीकर वरच ठेवावा लागत असेल, तर त्याच्या मागच्या कडेखाली रबराचे तुकडे देऊन तो पुढे झुकवावा. घट्ट बसवावा, घसरून पडता कामा नये. शोकेसच्या काचा गाण्याबरोबर थरथरत असतील तर त्यावरही हेच रबर कामी येतं.

एक टाळी वाजवा

व्हिट्रिफाइड फरशी, गिलावा केलेल्या भिंती, सरकत्या काचांची खिडकी. नव्या फ्लॅटचा हॉल हा आवाजासाठी जवळपास बाथरूमच. ऐकायच्या जागेवर बसून एक कडक टाळी वाजवा. तिच्यामागून ‘झिंग्’ असा शेपटासारखा आवाज आला, तर गाण्यातल्या प्रत्येक व्यंजनालाही तेच शेपूट लागतंय असं समजा. स्वर गाणं लांबवतात, पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे. ‘त’ आणि ‘क’, ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक सांगणारी माहिती मुख्यतः 1,000 हर्ट्झच्या वर असते आणि ती फार थोडा वेळ टिकते. मागच्या अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडलं की शब्द पुसट होतो.

आता आरसा काढा. ऐकणाऱ्याने जागेवर बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला आरसा सरकवत न्यायचा. ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसेल, तिथूनच आवाज उसळून कानावर येतो. दोन्ही भिंतींवर त्या जागी पुस्तकांचं कपाट, जाड चुणीदार पडदा किंवा चक्क भिंतीवर टांगलेली गोधडी. स्पीकर आणि ऐकणारा यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा. एवढ्यावर टाळीचं शेपूट बरंच कमी होतं.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल मात्र विसरा. त्यांनी खोली स्टुडिओसारखी दिसते, आवाज फारसा शोषला जात नाही आणि ते पेटतातही चटकन. खरंच पॅनेल बसवायचं असेल तर लाकडी चौकटीत निदान 50 मिलिमीटर जाडीचं रॉकवूल किंवा ग्लासवूल, वरून कापड. त्याचे तंतू त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात, म्हणून काम करताना हातमोजे आणि मास्क हवेत. असं पॅनेल साधारण 500 हर्ट्झच्या वर चांगलं काम करतं. डग्ग्याचा घुमारा त्याने जाणार नाही. पडदे-गालिचे हवे तेवढे वाढवत नेले, तर वरचे स्वर मरतात आणि घुमारा तसाच राहतो, म्हणजे आवाज आधीपेक्षाही मंद. थोडं करून ऐकावं, मग पुढे जावं.

सबवूफरवाल्यांसाठी

अनेक घरांत ‘होम थिएटर’ नावाने 2.1 संच असतो आणि त्याचा सबवूफर टीव्ही युनिटखाली कोपऱ्यात. त्याची योग्य जागा शोधायची युक्ती हास्यास्पद दिसते, पण शास्त्राला धरून आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, बेसचं गाणं लावायचं आणि आपण रांगत खोलीभर, भिंतीच्या कडेकडेने फिरायचं. जिथे बेस सर्वांत सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून हे जमतं. नंतर त्याचा आवाज इतका कमी करायचा की तो वाजतोय हे लक्षात येऊ नये, पण बंद केला तर उणीव जाणवावी.

शेजाऱ्यांचाही यात संबंध आहे. भिंती-स्लॅबमधून सर्वाधिक पलीकडे जातो तो बेसच. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे.

इक्वलायझर कधी?

सगळ्यात शेवटी. आणि शक्यतो फक्त कमी करण्यासाठी. फुगलेला स्वर इक्वलायझरने खाली आणता येतो. पोकळी भरता येत नाही, कारण जिथे दोन लाटा एकमेकींना पुसतात तिथे जास्त आवाज दिला तर जास्त आवाज पुसला जातो. शिवाय 10 डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते. शब्द दबत असतील तर ट्रेबल चढवण्याआधी बेस दोन-तीन डेसिबल उतरवून ऐकावं. झाकोळ बहुतेकदा खालूनच येत असतो. ज्यांना मोजूनच समाधान मिळतं, त्यांच्यासाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला मोजणीचा माइक लागतो. फोनचा माइक खालच्या स्वरांबाबत फारसा भरवशाचा नसतो.

रात्री हळू आवाजात गाणं पातळ वाटतं, हा मात्र सिस्टिमचा दोष नव्हे. कमी पातळीवर मानवी कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ बटण त्यासाठीच असतं. दिवसा मोठ्या आवाजातही ते दाबलेलंच राहिलं, तर घुमाऱ्याची अर्धी तक्रार तिथेच असू शकते.

मग पैसे कशावर घालायचे?

केबलवर तर नाहीच. पाच मीटरच्या अंतरासाठी तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची दुपदरी वायर घेतली, तर जाण्या-येण्याचा एकूण रोध जेमतेम 0.12 ओहम भरतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. हजारो रुपयांची वायर त्यात ऐकू येण्याजोगी भर घालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. ब्लूटूथवर प्रश्न थोडा वेगळा. सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट माहिती असते, तर ब्लूटूथच्या मूळ एसबीसी पद्धतीत जास्तीत जास्त 328 च्या आसपास. फरक आहे, पण भिंतीला चिकटलेल्या सोफ्याच्या मानाने तो लहान. अ‍ॅपमध्ये गाण्याचा दर्जा ‘लो’वरून ‘हाय’वर नेणं फुकट आहे, ते आधी करावं. एवढं सगळं करूनही समाधान झालं नाही, तर खर्च स्पीकरवर करावा. जमल्यास दुकानदाराला विनंती करून ते एक दिवस घरी, आपल्याच हॉलमध्ये ऐकावेत.

एक तपासणी मात्र कुठलाच मेकॅनिक करत नाही. आवाज सतत डावीकडेच कलतो आणि वायरी बदलूनही काही फरक पडत नाही, असं असेल तर त्याच जागी स्पीकरकडे पाठ करून बसावं. कल आता दुसऱ्या कानाकडे गेला, तर दोष सिस्टिमचा किंवा खोलीचा. त्याच कानाकडे राहिला, तर प्रश्न कानाचा असू शकतो. अनेकदा तो साचलेल्या मळाइतका साधा असतो. त्यासाठी काडी घालून कोरू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा. वय वाढतं तसे वरचे स्वर आधी कमी ऐकू येतात. घरातल्या ज्येष्ठांना ‘गाण्याचे शब्द कळत नाहीत’ असं वाटू लागलं असेल, तर नव्या स्पीकरआधी ऑडिओमेट्री करून घेतलेली बरी. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांतच कमी झालं असेल तर वाट पाहू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जावं, कारण त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतात तितकी ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते.